हुतात्मा अण्णा कर्वे (१८५८–१९१०): एका चुकलेल्या फलकाचे प्रकरण

नाशिकच्या जुन्या गावठाणातील एका लहान वाचनालयाने एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकशी संबंध असलेल्या जुन्या खटल्यांचे प्रदर्शन भरवायचे ठरवले होते. आठ फलकांचा मजकूर वाचनालयाच्या कार्डांवरून आणि कात्रणांच्या फाइलींवरून तयार करण्याचे काम आम्हा चौघांकडे होते. मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका असल्याने अंतिम वाचन माझ्याकडे आले. फ्लेक्स छपाईला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी चौथ्या फलकावर असा मजकूर होता: "हुतात्मा अण्णा कर्वे (१८५८–१९१०). जन्म १८ एप्रिल १८५८, शेरवली, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी. शारदा सदनाच्या कार्याशी निकटचा संबंध. नाशिक कट खटल्यातील आरोपी. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी."

हा मजकूर मी दोनदा वाचला होता आणि त्यावर बरोबरची खूणही केली होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. चूक पकडली ती वाचनालयात रोज वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या, न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. कागद हातात घेऊन त्यांनी एवढेच विचारले, "ताई, आरोपीच्या बापाचं नाव कुठं आहे यात?" मी गप्प राहिले, तेव्हा ते म्हणाले, "बापाच्या नावाशिवाय आरोपी आमच्या रजिस्टरात चढत नसे. आणि बावन्न वर्षांचा माणूस कायद्याचा विद्यार्थी कसा?" फाइलीतल्या कात्रणात हा आरोपी बी. ए. होऊन कायद्याचे शिक्षण घेत असल्याचे स्पष्ट लिहिलेले होते. फलकावर ते वाक्य जागेअभावी आले नव्हते, पण त्यांनी फाइल आधी चाळली होती.

या प्रकरणाचे वैशिष्ट्य असे की फलकावरील जवळजवळ प्रत्येक तपशील कोणा ना कोणा कर्व्यांबद्दल खराच होता. १८ एप्रिल १८५८ ही तारीख, शेरवली हे गाव आणि शारदा सदन यांचा संबंध महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी आहे. ठाण्याची फाशी कृष्णाजी गोपाळ कर्वे यांची आहे. डॉ. आंबेडकरांनी ज्यांची बाजू मांडली ते महर्षींचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे. तीन माणसांची आयुष्ये एका आडनावाखाली गोळा होऊन चौथाच एक माणूस तयार झाला होता, जो कधी जन्मलाच नव्हता. निखळ खोटी माहिती तपासताना लगेच हाताला लागते. इथे जवळजवळ प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे पडताळला तरी खराच निघत होता, आणि म्हणूनच माझी बरोबरची खूण त्यावर उमटली.

प्रथम नाशिकच्या कर्व्यांविषयी, कारण प्रदर्शन त्यांच्यासाठी होते. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीचा 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. मुंबईला बदली झालेले नाशिकचे कलेक्टर जॅक्सन निरोपादाखल या प्रयोगाला आले होते. जॅक्सन हे संस्कृताचे जाणकार म्हणून ओळखले जात. त्याच जॅक्सन यांच्या कारकिर्दीत गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर यांच्यावर काव्यप्रकाशनाबद्दल खटला उभा राहिला आणि जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, याचा संताप नाशिकच्या तरुणांमध्ये धुमसत होता. अनंत लक्ष्मण कान्हेरे या औरंगाबादेत शिकणाऱ्या तरुणाने नाट्यगृहातच जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. नाशिकमध्ये या कटाची जुळवाजुळव करणाऱ्या गटातील प्रमुख म्हणजे कृष्णाजी गोपाळ कर्वे, ज्यांना सहकारी अण्णा म्हणत. त्यांच्याबरोबर विनायक नारायण देशपांडे होते. १९०८ च्या फौजदारी कायदा सुधारणा कायद्यान्वये मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे खटला चालला, मार्च १९१० मध्ये निकाल लागला आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे व देशपांडे या तिघांना फाशी देण्यात आली. घटनेपासून फाशीपर्यंत चार महिनेही पूर्ण झाले नव्हते. कान्हेरे त्या वेळी अठरा वर्षांचे होते आणि कर्वे यांनीही पंचविशी गाठलेली नव्हती.

नाशिकमध्ये या तिघांपैकी कान्हेरे यांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. गोल्फ क्लबच्या मैदानाला त्यांचे नाव दिलेले आहे आणि शहरात सभा किंवा प्रदर्शन म्हटले की "कान्हेरे मैदान" हा पत्ता ओघाने येतोच. कर्वे आणि देशपांडे ही नावे मात्र "आणि त्यांचे सहकारी" या शब्दांत विरून जातात. कर्वे यांच्या बाबतीत त्यापुढचा अन्याय असा की त्यांचे नाव उच्चारले तरी ऐकणाऱ्याच्या मनात दुसरीच व्यक्ती उभी राहते. पुण्यात कर्वे रस्ता आहे, मुंबईत महर्षी कर्वे मार्ग आहे, आणि भारतरत्न मिळालेले, शंभरी ओलांडलेले, स्त्रीशिक्षणासाठी झिजलेले धोंडो केशव कर्वे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शालेय पुस्तकात भेटतात. त्यांनाही घरचे आणि आश्रमातले लोक अण्णाच म्हणत. "अण्णा कर्वे" एवढेच लिहिलेले कार्ड या मोठ्या अण्णांकडे ओढले जाणे जवळजवळ अटळ होते.

वाचनालयाची कार्डे पन्नास-साठ वर्षांत वेगवेगळ्या हातांनी लिहिली गेली आहेत आणि त्यांवर आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव अशी रचना आहे. "कर्वे, अण्णा" या शीर्षकाची दोन कार्डे होती. एका मदतनीस मुलाने ती दोन्ही एकाच माणसाची समजून पिनेने जोडली. त्याला दोष देता येणार नाही, कारण दोन्ही कार्डांवर "शारदा" हा संदर्भशब्द लाल शाईने लिहिलेला होता, दोन्हींवर "तालुका खेड" होते आणि दोन्हींवर एप्रिल महिन्यातली लागोपाठची तारीख होती. एकावर १८ एप्रिल, दुसऱ्यावर १९ एप्रिल. १८ एप्रिल १९१० रोजी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी वयाची बावन्न वर्षे पूर्ण केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात कृष्णाजी गोपाळ कर्वे फासावर गेले. खेड तालुक्याचा घोळही तसाच. शेरवली हे महर्षींचे जन्मगाव खेड तालुक्यात, आणि कान्हेरे यांचे आयनी हे गावही खेड तालुक्यातच. हुतात्म्यांच्या कार्डावर "खेड" आले होते ते कान्हेरे यांच्या संदर्भात.

"शारदा" या शब्दाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण त्याने एकट्याने जितकी दिशाभूल केली तितकी आडनावानेही केली नसेल. हुतात्म्यांच्या कार्डावरील शारदा म्हणजे गोविंद बल्लाळ देवल यांचे नाटक. महर्षींच्या कार्डावरील शारदा म्हणजे पंडिता रमाबाईंचे शारदा सदन, जिथे शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी महर्षींनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. नाटक म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या अल्पवयीन मुलीच्या विवाहावर टीका करणारे होते, म्हणजे विषयाच्या नात्याने ते महर्षींच्या कार्याजवळच येऊन उभे राहते, आणि त्यामुळे संशय येण्याऐवजी जोडणी अधिकच पटत गेली. फाइलीत तिसरी शारदाही होती: "शारदा कायदा". १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आपल्याकडे याच नावाने ओळखला जातो आणि हे नाव देवलांच्या नाटकावरून पडले असावे, अशी समजूत मी अनेक शिकलेल्या माणसांकडून ऐकली आहे. प्रत्यक्षात ते हा कायदा विधिमंडळात मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून पडले. १ एप्रिल १९३० पासून तो अमलात आला आणि त्याने मुलीसाठी चौदा व मुलासाठी अठरा वर्षांची मर्यादा घातली. एका आडनावाचा उच्चार मराठी कानाला ओळखीचा वाटला आणि कायद्याला नायिकेचे नाव मिळाले.

आता डॉ. आंबेडकरांचे वकीलपत्र. हे वाक्य फलकावर कसे आले ते शोधायला मला दोन दिवस लागले. "कर्वे खटला – डॉ. आंबेडकर" असे शीर्षक असलेले एक कार्ड काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या खोक्यात होते. ज्या कोणी ते तिथे ठेवले त्याची समजूत अशी दिसते की डॉ. आंबेडकर आणि नाशिक हे दोन शब्द एकत्र आले की विषय सत्याग्रहाचाच असणार. फलकाचा मजकूर तयार करताना कर्वे नावाची सर्व कार्डे गोळा केली गेली आणि तेही त्यात आले. साधी तारीख जुळवून पाहिली असती तरी हे वाक्य टिकले नसते. १९१० मध्ये भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन महाविद्यालयातले विद्यार्थी होते आणि त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली ती १९२३ मध्ये.

तो खटला रघुनाथ धोंडो कर्वे यांचा. महर्षींच्या पहिल्या पत्नी राधाबाई यांचे हे पुत्र. विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असताना त्यांनी संततिनियमनाचा उघड प्रचार केला आणि त्या पायी १९२५ मध्ये नोकरी सोडली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि ते १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. १९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला झाला. या वेळी डॉ. आंबेडकर त्यांच्या वतीने उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही आणि दोनशे रुपये दंड ठोठावला. या खटल्याचा नाशिकशी थेट संबंध नाही. तरीही एक गोष्ट मला नोंदवावीशी वाटते. याच आठवड्यांमध्ये, ३ मार्च १९३४ रोजी, डॉ. आंबेडकरांनी नाशिकच्या भाऊराव गायकवाडांना पत्र लिहून मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह पुढे न नेण्याचा सल्ला दिला. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या लढ्याचा निर्णय नाशिकला कळवणारा माणूस त्याच सुमारास मुंबईच्या न्यायालयात एका मासिकाच्या संपादकाची बाजू मांडत होता. कार्ड चुकीच्या खोक्यात होते खरे, पण ते तिथे पोहोचले ते एका खऱ्या योगायोगाच्या जवळून.

फलकावर एक चूक अशीही होती, जी तिन्ही कर्व्यांपैकी कोणालाच लागू पडत नव्हती: "नाशिक कट खटला". नाशिकमध्ये जॅक्सन यांच्या खुनाचा खटला आणि नाशिक कट खटला हे सर्रास एकच मानले जातात. खुनाचा खटला मार्च १९१० मध्ये संपला. कट खटला अडतीस आरोपींवर त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला आणि त्याचा निकाल डिसेंबरमध्ये लागला, ज्यात विनायक दामोदर सावरकर यांना जन्मठेप झाली. जॅक्सन यांच्या खुनाला साहाय्य केल्याच्या वेगळ्या खटल्यात त्यांना दुसरी जन्मठेप ३० जानेवारी १९११ रोजी सुनावण्यात आली. कृष्णाजी कर्वे यांना फाशी होऊन जवळजवळ पाच महिने लोटल्यानंतर सुरू झालेल्या खटल्यात ते आरोपी असणे शक्यच नव्हते. हा गोंधळही एका अर्थी आडनावाचाच आहे. "सावरकर खटला" म्हटले की त्यात बाबारावांचा १९०९ चा, विनायकरावांचे १९१० व १९११ चे, हेग येथील लवादापुढचा, आणि लाल किल्ल्यातील ज्या खटल्यात १० फेब्रुवारी १९४९ रोजी ते निर्दोष सुटले तो, असे सगळेच मिसळते. मग नाशिकच्या तरुणांवरचा प्रत्येक खटला याच गाठोड्यात बांधला जातो.

शिरस्तेदारांचा उपाय सरळ होता: वडिलांचे नाव लिहा. कृष्णाजी गोपाळ आणि धोंडो केशव हे एकदा पूर्ण लिहिले की ते ना बाप-लेक, ना भाऊ, हे पाहताक्षणी कळते. रघुनाथ धोंडो लिहिले की नाते आपोआप उलगडते. न्यायालयाच्या कागदांत ही पद्धत किती जुनी आणि किती शहाणपणाची आहे, हे मला या प्रकरणात प्रथमच जाणवले. ती सगळीकडे पुरत नाही, हेही आम्हाला त्याच कार्डांनी दाखवले. सावरकर बंधू तिघेही दामोदरपुत्र, तेव्हा तिथे पहिल्या नावाला पर्याय नाही. जॅक्सन प्रकरणातले देशपांडे विनायक आणि सावरकरही विनायक, तेव्हा तिथे पहिले नावही एकटे पुरत नाही. देशपांडे हे तर मुळात वतनाचे नाव. दोन देशपांड्यांमध्ये नाते सोडाच, जातही समान असेल असे नाही.

स्त्रियांच्या कार्डांपुढे मात्र ही पद्धत पूर्णपणे हात टेकते, आणि इथे मला खरोखर वाईट वाटले. महर्षींच्या पत्नी माहेरच्या गोदूबाई जोशी, पुनर्विवाहानंतर त्या आनंदीबाई कर्वे झाल्या आणि आश्रमात सगळ्यांच्या बाया. वाचनालयाच्या कार्डांत त्या या तीन नावांनी तीन ठिकाणी होत्या, आणि माहेरचे आडनाव व सासरचे नाव जोडलेल्या "जोशी, आनंदीबाई" या आणखी एका कार्डावर कोणीतरी पेन्सिलीने "डॉक्टर?" असे लिहून ठेवले होते, म्हणजे डॉ. आनंदीबाई गोपाळ जोशी यांच्याशी त्यांची गाठ मारून झाली होती. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे या महर्षींच्या स्नुषा, माहेरच्या करमरकर. त्यांच्या मधल्या नावाच्या जागी दिनकर हे पतीचे नाव येते, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो त्यांना महर्षींची नात समजतो. पुरुषांच्या बाबतीत मधले नाव वंश सांगते. स्त्रियांच्या बाबतीत ते लग्न सांगते, आणि कार्ड लिहिणारा दोन्ही एकाच पट्टीने वाचतो.

दुरुस्तीला तीन संध्याकाळी लागल्या. कर्वे आडनावाची सर्व कार्डे टेबलावर मांडून प्रत्येकावर आम्ही पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि टोपणनाव वेगवेगळ्या ओळींत लिहिले. स्त्रियांच्या कार्डांवर माहेरचे आणि सासरचे नाव दोन्ही घातले आणि एकमेकांकडे नेणाऱ्या पाहा-नोंदी केल्या. खटल्यांची कार्डे आडनावातून बाहेर काढून न्यायालय, वर्ष आणि आरोप या क्रमाने लावली, म्हणजे १९१० चा खुनाच्या साहाय्याचा खटला आणि १९३४ चा अश्लीलतेचा खटला पुन्हा एका पिनेखाली येऊ नयेत.

एका मुद्द्यावर मतभेद झाला आणि तो सहज मिटला नाही. वाचनालयाचे कार्यवाह म्हणाले की गोंधळ टोपणनावामुळे झाला आहे, तर फलकावरून "अण्णा" हा शब्दच काढून टाकावा. मला ते पटले नाही. महर्षींना अण्णा म्हणणारे हजारो होते आणि त्यांच्या आठवणी छापल्या गेल्या. कृष्णाजींना अण्णा म्हणणारे मोजके तरुण होते, त्यांतले दोघे त्यांच्याबरोबरच फासावर गेले आणि काही काळ्या पाण्यावर गेले. जवळच्यांनी दिलेले नाव दुसऱ्या कोणाच्या मोठेपणापायी पुसावे, हे मला मान्य नव्हते. शिरस्तेदार ऐकत होते. ते म्हणाले, "उर्फ लिहा ना. कोर्टात लिहितातच."

१८ एप्रिलला दुपारी नवा फलक बसवला. त्यावर वर मोठ्या अक्षरांत "कृष्णाजी गोपाळ कर्वे उर्फ अण्णा" असे आहे आणि खाली "जॅक्सन खून खटला, मुंबई उच्च न्यायालय, १९१०". जन्मगाव, शारदा सदन आणि वकीलपत्र ही तिन्ही वाक्ये गेली आहेत, आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत विनायक नारायण देशपांडे यांचे नाव आले आहे, जे आधीच्या फलकावर कुठेच नव्हते.